विकलेला माल परत आला तर...



बाजाराच्या दिवशी आपण चपलेचा जोड विकतो, तेव्हा गिऱ्हाईक समोर असते. ते जोड पायात घालते. चार पावले चालून पाहते. भावासाठी घासाघीस करते, पैसे मोजते आणि जाते. पुढच्या बाजाराला ते तक्रार घेऊन आले, तरी हरकत नसते. ते कुठल्या गावचे, कोणाच्या घरचे, हे आपल्याला ठाऊक असते. चप्पल हातात घेऊन आपण लगेच सांगू शकतो, की शिवण आमच्या चुकीने उसवली की तुमच्या बैलाने पाय दिला.

मोबाईलवरच्या बाजारात असे होत नाही. तिथे गिऱ्हाईक पुण्याचे असेल, नागपूरचे असेल, नाहीतर पार गुवाहाटीचे. त्याचे तोंड दिसत नाही. आपलेही त्याला दिसत नाही. आठ दिवसांनी मोबाईलवर नुसता निरोप येतो, "माल खराब निघाला. पैसे परत हवेत." आता हे खरे समजायचे, की खोटे?

आमच्या गल्लीत एक चप्पल कारागीर आहे. माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला. हात सोन्याचा, पण लिहायचे म्हटले की अंगावर काटा येतो. तो कोल्हापुरी चपला हाताने करतो आणि गेली काही वर्षे मोबाईलवरच्या बाजारात विकतो. त्याची पत्रे मी लिहितो. निवृत्त माणसाला दुसरे काम काय? तर या कामात आम्ही दोघांनी जे ठेचकाळून शिकलो, ते आज सांगतो.

आधी पैसा कसा फिरतो, ते पाहू. मार्केट यार्डात गूळ नेला, की अडत्या तो विकतो. हमाली, तोलाई असे खर्च कापून घेतो आणि पट्टी हातात देतो. मोबाईलवरचा बाजारही अडत्याच आहे. ॲमेझॉन घ्या, फ्लिपकार्ट घ्या, मीशो घ्या. गिऱ्हाइकाचे पैसे आधी त्यांच्याकडे जमा होतात. ते आपापल्या नियमाप्रमाणे शुल्क कापतात आणि उरलेली रक्कम काही दिवसांनी आपल्या बँकेत टाकतात. फरक एवढाच, की अडत्याने एकदा पट्टी दिली की व्यवहार मिटला. इथे गिऱ्हाइकाला माल परत करायची मुदत असते. त्या मुदतीत माल परत आला, तर पैसे आपल्या हिशेबातून परत जातात. आपण नको म्हटले तरी जातात. दुकानदार म्हणून नाव नोंदवताना त्या अटींवर आपणच बोट दाबलेले असते. म्हणून भांडण गिऱ्हाइकाशी करून उपयोग नाही. निवाडा अडत्या करतो, आणि तो कागद आणि फोटो बघून करतो. कोण किती मोठ्याने ओरडला, हे त्याला ऐकू येत नाही.

नुकसान किती होते, त्याचा हिशेब करा. समजा, जोडाची किंमत १,२०० रुपये. कातडे, शिलाई, मजुरी मिळून खर्च ७०० रुपये. कमिशन आणि वाहतूक २०० रुपये. कारागिराच्या हातात उरले ३०० रुपये. आता हाच जोड वाया जाऊन परत आला, तर ७०० रुपये बुडाले आणि परतीच्या वाहतुकीचे १४० रुपये वर बसले. ८४० रुपये गेले. म्हणजे जवळजवळ तीन जोडांची कमाई एका जोडाने खाल्ली. हातावर पोट असलेल्या माणसाला हे जड जाते.

२०२३ च्या दिवाळीतली गोष्ट. एक जोड परत आला. कारण लिहिले होते, "माप बसत नाही." आमच्या कारागिराने पुडा घेतला, मोबाईलवर पोच दिली, माणूस निघून गेला. मग निवांत खोके उघडले. आत काय होते? मशीनवर चिकटवलेली जुनी चप्पल! टाच झिजलेली, तळाला चिखल. याचा जोड वादीने हाताने शिवलेला. कुठे तो जोड आणि कुठे हे ध्यान! तो धावत माझ्याकडे आला. "गुरुजी, भरदिवसा लुटलं की मला!" मी लगेच तक्रार लिहिली. चांगली दोन पाने भरतील एवढी लिहिली. चार दिवसांनी उत्तर आले, "पुरावा जोडा." पुरावा कुठला? आपण कोणता जोड पाठवला, त्याचा फोटो नाही. पुडा उघडताना काढलेला फोटो नाही. दावा नामंजूर झाला. माझी दोन पाने कोणी वाचली असतील, असे मला वाटत नाही.

दुधाने तोंड पोळले, की माणूस ताक फुंकून पितो. आमचे तसेच झाले. पण आम्ही ताक फुंकले नाही, ताक वाढणाऱ्या बाईच्याच अंगावर धावून गेलो. पंधरा दिवसांनी नाशिकच्या एका बाईंचा निरोप आला. "एक चप्पल मोठी आहे, एक लहान आहे. पैसे परत द्या." कारागीर म्हणाला, "गुरुजी, ही पण तसलीच. लिहा चांगलं खरमरीत." आणि मी लिहिले. लिहिले होते, "असली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. वापरून परत करायचा धंदा बंद करा." सांगणारा तो होता, पण शब्द माझे होते. हे कबूल केले पाहिजे.

बाईंनी उलट शिवी दिली नाही. एक फोटो पाठवला. दोन्ही चपला शेजारी शेजारी, मध्ये शाळेतली पट्टी. एकीवर सहा नंबर, दुसरीवर पाच. लांबीत पाऊण सेंटीमीटरचा फरक. कारागिराची बायको उठून आत गेली आणि फळीवरून दुसरा जोड घेऊन आली. त्यातही एक सहाची, एक पाचची. दिवाळीच्या घाईत रात्री दिव्याखाली खोकी भरताना जोड अदलाबदल झाले होते. ती नवऱ्याला म्हणाली, "आता घाला लिहून खरमरीत." तो खाली मान घालून बसला. मीही.

चोर सुटला होता, आणि संन्याशाला आम्ही फाशी दिली होती. आम्ही माफी मागितली, नवा जोड पाठवला. पण बाईंनी दुकानाखाली आपले मत आधीच लिहिले होते, "चप्पल चुकीची आणि बोलणे उर्मट." तारा एकच दिला होता. तो त्यांनी काढला नाही. का काढावा?

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. परत आलेला बहुतेक माल लबाडीचा नसतो. माप चुकते, रंग फोटोत वेगळा दिसतो, वाटेत पुडा भिजतो, कधी आपलाच हात चुकतो. आणि कायदाही याबाबतीत गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० साली आले. त्यात असे आहे, की माल सदोष असेल, कमी असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, किंवा कबूल केलेल्या दिवसापेक्षा उशिरा पोचला असेल, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. पूर, वादळ अशा आवाक्याबाहेरच्या कारणाने उशीर झाला, तर त्या उशिरापुरती सूट आहे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि तक्रार महिन्याच्या आत मिटवायची, असेही त्यात आहे. आणखी एक. आपणच गिऱ्हाईक बनून आपल्या दुकानाचे कौतुक लिहायला बंदी आहे. माझ्या नातवाने ही युक्ती सुचवली होती. मी त्याला तो नियम वाचायला लावला.

आता आम्ही काय करतो, ते सांगतो.

प्रत्येक जोडाला कारागीर एक अनुक्रमांक टोचतो. पट्ट्याखाली, आतल्या कडेला, चटकन दिसणार नाही असा. दोन्ही पायांवर एकच अंक. तोच अंक वहीत लिहितो. तारीख, ऑर्डरचा नंबर, चपलेचा नंबर, जोडाचा अनुक्रमांक आणि बांधलेल्या पुड्याचे वजन. वजनाचा काटा छोटा आहे, पण फार कामाचा. रिकामे खोके आले अशी तक्रार आली, की आपण किती वजनाचा पुडा दिला, ते वही सांगते. वाहतूकवाल्यांकडेही वजनाची नोंद असते. दोन्ही वजने जुळली, तर पुडा आपल्याकडून भरलेला निघाला हे ठरते. मग तो वाटेत फोडला गेला की गिऱ्हाइकाच्या घरी रिकामा झाला, हे निराळे. वाटेतही चोऱ्या होतात, हे विसरू नका. गिऱ्हाईक खरे बोलत असू शकते.

पुडा बांधताना बायको मोबाईल धरते आणि चित्रण करते. आधी ऑर्डरची चिठ्ठी दाखवायची. मग दोन्ही चपलांचे नंबर, अनुक्रमांक, वरची बाजू, तळ. मग खोक्यात घालणे, चिकटपट्टी लावणे, काट्यावर ठेवणे. सगळे एका दमात. मध्ये चित्रण थांबवायचे नाही. थांबवले, की त्या वेळात जोड बदलला असे कोणीही म्हणू शकतो. दोन मिनिटांचे काम आहे. या चित्रणाचा एक फायदा आम्हाला आधी सुचला नव्हता. दोन वेळा खोके बंद करायच्या आतच नंबरची चूक सापडली. नाशिकच्या बाईंसारखी आणखी दोन माणसे दुखावायची वाचली.

परत आलेला पुडाही तसाच उघडायचा. एकट्याने नाही, घाईत नाही. आधी न फोडलेला पुडा चहूबाजूंनी दाखवायचा. वरची चिठ्ठी नीट वाचता येईल इतकी जवळून. मग कात्री, मग आतला माल. पुडा फाटलेला किंवा पुन्हा चिकटवलेला दिसला, तर आणणारा माणूस उभा असतानाच त्याचा फोटो घ्या, आणि पोच देताना तसा शेरा मारता येत असेल तर मारा. तो घाई करील. त्यालाही पन्नास घरे फिरायची असतात. पण आपले ८४० रुपये त्या एका मिनिटात असतात.

चप्पल वापरली का, हे तळ सांगतो. घरात फरशीवर चार पावले टाकून पाहिली, तर तळाला नुसती धूळ लागते, फडक्याने पुसली जाते. तेवढे चालायचेच. माप पाहिल्याशिवाय कळणार कसे? पण डांबरी रस्त्यावर चालले, की बारीक खडे कातड्यात रुततात. ते पुसून निघत नाहीत. भिजली असेल, तर कडा काळवंडतात आणि वाळल्यावर वर वळतात. आतल्या बाजूला अंगठ्याचा आणि टाचेचा ठसा उमटतो. मात्र तेलाचा डाग दिसला म्हणून लगेच गिऱ्हाइकावर आळ घेऊ नका. ते तेल बहुधा आपणच लावलेले असते.

कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते, हे आपल्याला ठाऊक आहे. गुवाहाटीच्या माणसाला कसे ठाऊक असणार? त्याला वाटते, माल खराब. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नाव दूरवर गेले, पण चप्पल वापरायची कशी, हे नावाबरोबर जात नाही. म्हणून आम्ही खोक्यात एक चिठ्ठी घालतो. पहिले काही दिवस थोडा थोडा वेळ घाला. तेलाचा हात द्या. पाण्यात घालू नका. आणि दुकानाच्या पानावर नुसता नंबर न लिहिता तळाची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहितो. कातड्याचा रंग जोडागणिक थोडा फिरतो, हेही लिहितो. या तीन ओळींनी परत येणारा माल जेवढा कमी झाला, तेवढा माझ्या कुठल्याच पत्राने झाला नाही.

आता लबाडीची लक्षणे. गिऱ्हाईक पैसे मागते, पण माल परत द्यायला तयार नाही. फोटो मागितला, की टाळते. "अर्धे पैसे द्या, नाहीतर वाईट लिहीन," अशी धमकी देते. बाजाराच्या निरोपाच्या जागी न बोलता, "तुमचा नंबर द्या, आपण बाहेरच मिटवू," म्हणते. यातले एखादे लक्षण दिसले, म्हणून माणूस चोर ठरत नाही. पण आपण सावध व्हायचे. फोटोचेही आता खरे राहिले नाही. हल्ली संगणकाला सांगितले, की तो न फाटलेली चप्पल फाटलेली दाखवणारा फोटो तयार करून देतो. म्हणून एका फोटोवर भागवू नका. दुसऱ्या बाजूने काढलेला, पुड्यावरच्या चिठ्ठीसकट फोटो नम्रपणे मागा. खऱ्या माणसाला तो काढायला वेळ लागत नाही. धमकी आली, तर ती तशीच जपून ठेवा आणि अडत्याला दाखवा. धमकीला भिऊन पैसे दिले, तर ते वाया गेले समजा.

उत्तर कसे लिहावे? माझ्या त्या खरमरीत पत्राच्या जागी आता आम्ही असे लिहितो:

"नमस्कार. आपली अडचण कळली. आम्ही दिनांक अमुक रोजी सहा नंबरचा जोड पाठवला, त्यावर २१४ हा अंक टोचलेला आहे. आपल्याकडे आलेल्या जोडाचे दोन फोटो पाठवावेत. एक वरून, एक तळाचा. अंक दिसेल असे पाहावे. चूक आमची असल्यास जोड बदलून देऊ किंवा पैसे परत मिळतील. कळावे."

यात कुठे कोणाला चोर म्हटले आहे का? नाही. पण आमच्याकडे अंक आहे, नोंद आहे, हे त्याला कळले. हेच पत्र पुढे अडत्याच्या माणसाने वाचले, तरी आपल्याला लाज वाटत नाही. गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करील, तेव्हाही आपले लिहिणे तिथे पोचू शकते. राग आला असेल, तर आधी जेवून घ्या आणि मग लिहा. मला हे साठी उलटल्यावर कळले.

बाहेर मिटवण्यात आणखी एक खोल खड्डा आहे. गिऱ्हाईक म्हणून, नाहीतर कंपनीचा माणूस म्हणून कोणीतरी फोन करतो. "तुमच्या परतीच्या पैशांचा घोळ झाला. हा चौकोन स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील." मंडळी, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागते ती पैसे द्यायला. दुसरा प्रकार असा. "मी चुकून १,२०० ऐवजी १२,००० पाठवले, वरचे परत करा," आणि पैसे गेल्याचा फोटो. फोटो बघून पैसे पाठवू नका. बँकेच्या खात्यात रक्कम खरोखर आली का, ते आपण स्वतः पाहा. फसलात, तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा जास्त.

आता खरोखरच लबाडी झाली आणि पुरावा हातात आहे, असे धरू. तर अडत्याकडे दावा लावायचा. ॲमेझॉनवर त्याला सेफ-टी क्लेम म्हणतात, फ्लिपकार्टवर एसपीएफ म्हणतात. नावे निरनिराळी, काम एकच. दाव्याला मुदत असते आणि ती प्रत्येक बाजारात वेगळी असते, अधूनमधून बदलतेही. म्हणून माल परत आला त्याच दिवशी अटी वाचा, आणि शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मुदत गेली, की सोन्यासारखा पुरावाही मातीमोल. दाव्यात कहाणी लिहू नका. चार ओळी पुरतात. काय पाठवले, काय परत आले, अंक कोणता, आलेले वजन किती. सोबत दोन्ही चित्रणे.

२०२४ च्या मे महिन्यात आमच्याकडे पुन्हा तोच प्रकार झाला. नव्या जोडाच्या जागी दुसराच जुना जोड. या वेळी बायकोने पुडा उघडतानाचे चित्रण केले होते. पहिला दावा तरीही नामंजूर झाला. चिठ्ठी नीट दिसत नाही, असे म्हणाले. कारागीर म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, आपल्या नशिबात नाही." मी चित्रणातून चिठ्ठीचा आणि अंकाच्या जागेचा वेगळा मोठा फोटो काढवून घेतला आणि पुन्हा लावला. दुसऱ्या खेपेला पैसे मिळाले. पूर्ण नाहीत. ६५० रुपये आले.

प्रत्येक दाव्यात असे होत नाही. काही वेळा पुरावा असूनही हाती काही लागत नाही. त्यासाठी वहीत शेवटी एक पान ठेवले आहे. वर लिहिले आहे, "घस". किती जोड बुडाले, किती रुपये गेले, कोणत्या कारणाने, ते तिथे मांडतो. वर्षाच्या शेवटी बेरीज करतो आणि पुढल्या वर्षीच्या किमतीत ती थोडी थोडी वाटून टाकतो. धान्याच्या दुकानदारालाही उंदराने खाल्लेले धरावेच लागते. एका जोडामागे पंधरा-वीस रुपये वाढतात.

गेल्या वर्षी त्या पानावर पाच नोंदी होत्या. त्यांतल्या दोनच लबाडीच्या. एक जोड पावसात पुडा भिजून गेला, आणि दोन आमच्याच चुकीचे. कारागिराच्या बायकोने त्या दोनांखाली लाल पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.